साल, बी आणि चोथा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

फळांच्या साली, बिया आणि रस काढून उरलेला चोथा यांतून उपयोगी द्रव्यं वेगळी कशी करायची, याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोणता द्रावक वापरू? त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: मला नेमकं कोणतं द्रव्य हवं आहे? ते पाण्यात उतरतं की तेलात, आम्लात टिकतं की अल्कलीत, उष्णता सोसतं की नाही, हे कळलं की भांडं, द्रावक, आच आणि वेळ यांची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात.

प्रश्न: साली दोन दिवस साठवून मग अर्क काढला, तर तो तपकिरी झाला आणि आंबूस वास आला. ताज्या साली वापरायच्या की वाळवलेल्या?

दोन्ही चालतात. दोन दिवस ओल्या ठेवलेल्या मात्र चालत नाहीत. साल कापली किंवा चिरडली की पेशी फुटतात आणि आतलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ घालून पॉलिफिनॉलांना, म्हणजे साली-बियांतल्या तुरट द्रव्यांना, तपकिरी करून टाकतं. तुम्हाला जे काढायचं होतं तेच त्यात खर्ची पडतं. आंबूस वास म्हणजे यीस्ट आणि जिवाणूंचं काम. त्यांना साखर आणि ओल दोन्ही भरपूर मिळाली.

रस काढल्यापासून तीन-चार तासांच्या आत पुढचं काम सुरू करा. जमणार नसेल तर साली थेट फ्रीझरमध्ये टाका. गोठवल्याने विकर मरत नाही, फक्त मंदावतं. म्हणून साली काढून टेबलावर निवांत वितळू देऊ नका, गोठलेल्याच गरम द्रावकात सोडा.

वाळवायचं असेल तर आधी 90 अंश सेल्सिअसच्या पाण्यात एक ते तीन मिनिटं बुडवून विकर निकामी करता येतं. पण त्या पाण्यात विरघळणारी द्रव्यंही थोडी निघून जातात, म्हणून भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा वाफ देणं चांगलं. मग पातळ थरात पसरून 45 ते 50 अंशांवर वाळवा. उन्हात वाळवलेल्या सालीचा रंग उडतो, कारण रंगद्रव्यांना उजेड सोसत नाही.

वाळली हे कसं ओळखायचं? वजनावरून. ओल्या सालीत साधारण 80 टक्के पाणी धरलं तर 1 किलो सालीत 200 ग्रॅम घन भाग असतो. ओलावा 10 टक्क्यांवर आला की वजन सुमारे 220 ग्रॅम भरतं. तराजू 300 दाखवत असेल तर साल हाताला कितीही कोरडी लागो, ती बरणीत बुरशी धरणार. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी सगळा घाणा टाकून द्या. काही बुरशींची विषं उष्णतेने जात नाहीत, उलट अर्क काढताना तीही गोळा होतात.

फवारणीच्या औषधांचंही तसंच. ती बहुतांशी सालीवर असतात आणि अर्काबरोबर ती दाट होतात. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम खायचा सोडा घालून फळं सोलण्यापूर्वी 12 ते 15 मिनिटं बुडवली आणि मग स्वच्छ पाण्याने धुतली तर पृष्ठभागावरचा बराच अंश जातो. सालीच्या आत मुरलेलं मात्र धुऊन निघत नाही.

प्रश्न: 96 टक्के इथेनॉलमध्ये द्राक्षाच्या बियांची पूड भिजवली, पण अर्क फिकट आला. जास्त तीव्र द्रावकाने जास्त माल निघायला नको का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. बियांतली टॅनिनं आणि बहुतेक पॉलिफिनॉलं ना पूर्ण पाण्याची, ना पूर्ण इथेनॉलची. त्यांना दोन्हींचं मिश्रण मानवतं. पाण्याने पेशीची भिंत फुगते आणि वाट मोकळी होते, इथेनॉल आतल्या द्रव्याला प्रथिनांपासून सोडवून बाहेर आणतं. 96 टक्के इथेनॉल उलट पेशीतलं पाणी ओढून घेतं, भिंत आक्रसते आणि माल आतच अडकतो. बियांसाठी 50 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान राहा.

विरळ करण्याचं गणित सोपं आहे. 70 ला 96 ने भागलं की 0.729. म्हणजे 729 मिलिलिटर इथेनॉल मोजपात्रात घ्या आणि 1 लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. खुणेपर्यंत म्हणतोय ते मुद्दाम. 271 मिलिलिटर पाणी मोजून ओतलंत तर एकूण लिटरभर भरणार नाही, कारण इथेनॉल आणि पाणी मिसळल्यावर आकसतात. आणखी 25 मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं.

बियांत तेलही असतं, साधारण दहा-पंधरा टक्के. ते आधी दाबून काढलं तर अर्क नितळ येतो, नाहीतर वर तवंग धरतो आणि गाळणी तुंबते. पूड रव्याइतकी ठेवा, अर्धा ते एक मिलिमीटर. मैद्यासारखी दळली की दळतानाच तापते आणि गाळताना चिखल होतो.

एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. खाण्याच्या कामाला फक्त खाद्य दर्जाचं इथेनॉल. रंग पातळ करायचं किंवा जखम पुसायचं स्पिरिट यात मेथेनॉल किंवा इतर द्रव्यं मुद्दाम घातलेली असू शकतात. मेथेनॉलने आंधळेपण येतं, जीव जातो. ते आटवून 'शुद्ध' करता येईल असं समजू नका.

प्रश्न: एवढंच द्रावक आहे. एकदाच सगळं ओतू की थोडं थोडं?

थोडं थोडं. आकडेमोड करून पाहू. 100 ग्रॅम पूड आहे आणि ती गाळल्यावरही 200 मिलिलिटर द्रव स्वतःत धरून ठेवते असं धरा. एकदाच 1000 मिलिलिटर ओतलं तर 800 हाती येतं, म्हणजे द्रव्यही 80 टक्के. आता तेच 1000 तीन हप्त्यांत वापरा. आधी 400 ओतलं: 200 बाहेर, 200 आत, म्हणजे निम्मं द्रव्य आत राहिलं. मग 300 ओतलं: आत एकूण 500, त्यातलं 300 निघालं, उरलेल्याचे दोन पंचमांश आत. पुन्हा 300, पुन्हा दोन पंचमांश. शेवटी आत राहिलं फक्त 8 टक्के. द्रावक तेवढंच, हाती आलेला द्रवही 800 च, पण द्रव्य 80 ऐवजी 92 टक्के.

हे गणित द्रव्य पूर्ण सुटलं आहे असं धरून केलंय. प्रत्यक्षात दर हप्त्याला अर्धा-एक तास अधूनमधून ढवळावं लागतं. चौथा-पाचवा हप्ता सहसा परवडत नाही, कारण तो आटवायला लागणारी उष्णता मिळणाऱ्या मालापेक्षा महाग पडते.

प्रश्न: संत्र्याच्या सालीतून पेक्टिन काढायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा स्पिरिट ओतल्यावर काहीच जमलं नाही, दुसऱ्यांदा थोडा भुगा खाली बसला आणि जॅम घट्ट झाला नाही. काय चुकलं?

पेक्टिन म्हणजे फळांतलं, जॅम घट्ट करणारं लांब साखळीचं द्रव्य. त्याबद्दल 1825 साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लिहिलं. आजही व्यापारी पेक्टिन मुख्यतः लिंबूवर्गीय साली आणि सफरचंदाचा चोथा यांतूनच निघतं. कृती जुनी आहे, पण लहानसहान चुकांना माफ करणारी नाही. म्हणून ती पूर्ण देतो आणि कुठे काय बिघडतं तेही सांगतो.

100 ग्रॅम ताजी साल घ्या. वरचा केशरी पापुद्रा खरवडून टाका, त्यात तेल आणि कडवटपणा असतो. पेक्टिन मुख्यतः आतल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या भागात असतं. त्याचे बारीक तुकडे करून 90 ते 95 अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि पाणी फेकून द्या. याने साखर जाते आणि पेक्टिनची मोडतोड करणारं विकर मरतं. ही पायरी गाळली तर सगळं बरोबर करूनही पेक्टिन दुबळं निघतं.

मग 500 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, त्यात साल घाला आणि पीएच पट्टीने तपासा. 2 ते 2.5 च्या मध्ये हवा. साल स्वतः थोडं आम्ल शोषून घेते, म्हणून साल घातल्यावरच तपासा. 85 अंशांवर तासभर ठेवा, मधूनमधून ढवळा, आटलेलं पाणी भरत राहा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं. अॅल्युमिनियमचं नको, आम्ल ते खातं.

गरम असतानाच दुहेरी फडक्यातून गाळा. फडकं पिळण्याचा मोह आवरा, पिळलं की बारीक गर उतरतो आणि अर्क गढूळ होतो. द्रव 40 अंशांखाली येऊ द्या. आता त्याच्या दुप्पट मापाचं 95 टक्के इथेनॉल बारीक धारेने ओता आणि हलक्या हाताने एकदाच ढवळा. काही मिनिटांत पारदर्शक, जेलीसारखे धागे आणि गोळे तरंगू लागतात. तासभर तसंच ठेवा. गोळे फडक्यात घेऊन आता मात्र पिळा, 70 टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, शेवटी एकदा 95 टक्क्यांनी. पंख्याखाली उघड्यावर इथेनॉलचा वास पूर्ण गेल्यावर 40 ते 45 अंशांवर वाळवून कुटा. 100 ग्रॅम ताज्या सालीतून 3 ते 5 ग्रॅम कोरडं पेक्टिन मिळालं तर काम चांगलं झालं.

आता तुमच्या दोन फसगती. काहीच जमलं नाही याचं कारण बहुधा स्पिरिट. 70 टक्क्यांचं दुप्पट घेतलंत तर अंतिम मिश्रणात इथेनॉल जेमतेम 47 टक्के राहतं. 95 टक्क्यांचं घेतलं तर ते 63 पर्यंत जातं. पेक्टिन नीट खाली यायला 60 च्या वर हवं. दुसऱ्यांदा भुगा बसला, म्हणजे पेक्टिनची लांब साखळी तुटली होती. खळखळ उकळत दोन-तीन तास ठेवलं की असं होतं. आणखी एक चूक बरेचजण करतात: आंबटपणा घालवण्यासाठी गरम अर्कातच सोडा टाकतात. उष्णता आणि कमी आम्लता एकत्र आली की साखळी फार वेगाने तुटते. पेक्टिन सर्वांत सुखात असतं ते पीएच 3.5 ते 4 च्या आसपास.

मोठा घाणा घालण्याआधी चमचाचाचणी करा. एक चमचा गार अर्क, दोन चमचे 95 टक्के इथेनॉल, छोट्या पेल्यात. मिनिटभर थांबून काट्याने उचला. एकसंध गोळा काट्यावर लोंबला तर पेक्टिन सशक्त. तुकडे होऊन निसटले तर मध्यम. काट्यावर काहीच आलं नाही तर पुढचं इथेनॉल वाया घालवू नका. चाचणीचा नमुना चाखू नये.

जॅममध्ये घालताना हे पेक्टिन आधी पाचपट कोरड्या साखरेत मिसळा, नाहीतर पाण्यात पडताच वरून चिकट कवच धरतं आणि आत कोरडी गाठ राहते. आणि ते घट्ट होण्यासाठी विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, 55 ते 60 टक्क्यांच्या वर आणि पीएच 2.8 ते 3.5 लागतो. कमी साखरेचा जॅम याने बसणार नाही, त्यात पेक्टिनचा दोष नाही.

प्रश्न: संत्र्याच्या सालीचा अर्क फ्रिजमध्ये ठेवला तर तळाशी पांढरा गाळ बसला. खराब झाला का?

वास आणि चव बदललेली नसेल, फेस नसेल, तर तो बहुधा हेस्पेरिडिनचा गाळ आहे. हे फ्लॅव्होनॉइड, म्हणजे एका प्रकारचं पॉलिफिनॉल, 1828 मध्ये प्रथम वेगळं केलं गेलं. पाण्यात ते इतकं कमी विरघळतं की 1 ग्रॅमला सुमारे 50 लिटर पाणी लागतं. गरम अर्कात तरंगत असतं, गार झालं की सुया-सुया होऊन बसतं. गोठून खराब झालेल्या संत्र्याच्या फोडींत पांढरे ठिपके दिसतात तेही हेच.

मुद्दाम काढायचं असेल तर इथेनॉलचीही गरज नाही. अल्कलीत या रेणूचं एक कडं उघडतं, तो पिवळा होऊन पाण्यात विरघळतो. आम्लात कडं पुन्हा मिटतं आणि तो खाली बसतो. 100 ग्रॅम वाळक्या सालीची भरड 1 लिटर पाण्यात घाला आणि पीएच 11 ते 11.5 येईल एवढा विरलेला चुना कालवा. दोन तास मुरू द्या, गाळा. पिवळ्या द्रवात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच 4.5 वर आणा, 60 ते 70 अंशांवर थोडा वेळ गरम करा आणि 24 तास थंड जागी ठेवा.

चुनाच का? कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला बांधून ठेवतं, साल टणक राहते आणि गाळणं सोपं जातं. कॉस्टिक सोड्याने सालीचा लगदा होतो. आणि आम्ल हायड्रोक्लोरिकच का? इथेच हमखास फसगत होते. घरात सायट्रिक आम्ल असतं म्हणून ते वापरलं तर चुन्याशी मिळून कॅल्शियम सायट्रेट होतं, गंधकाम्ल वापरलं तर जिप्सम होतं. दोन्ही पांढरे, दोन्ही खाली बसतात. वजन भरपूर भरतं, आनंद होतो, आणि त्यातलं हेस्पेरिडिन थोडंच असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा. ओला चुना डोळ्यांत गेला तर कायमची इजा होते.

डाळिंबाच्या सालीच्या अर्कातही गाळ बसतो, पण तो वेगळा. तिथे प्युनिकॅलॅजिन हा मोठा रेणू पाण्यात हळूहळू फुटतो आणि न विरघळणारं एलॅजिक आम्ल तळाशी जातं. तो अर्क आम्ही पातळ स्वरूपात महिनोन्महिने ठेवायला सांगणार नाही, वाळवून पूड करा.

प्रश्न: काळ्या द्राक्षांच्या सालीचा अर्क आधी सुंदर लाल होता. पाण्याने पातळ केल्यावर जांभळट-निळसर झाला. मग रंग टिकावा म्हणून क जीवनसत्त्वाची पूड घातली, तर आठवड्यात फिका पडला.

हे अँथोसायनिन, सालीतलं रंगद्रव्य. त्याचा रंग पीएचवर चालतो: 3 च्या खाली लाल, 4 ते 5 च्या दरम्यान जवळजवळ बिनरंगी, 6-7 ला जांभळा-निळा आणि त्यापुढे पिवळट होऊन कायमचा गेला. तुमचं पाणी जड असणार, त्यातल्या बायकार्बोनेटने आम्ल मारलं. निळसर झालेला अर्क लगेच चिमूटभर सायट्रिक आम्ल घातलं तर पुन्हा लाल होतो. करून पाहा, थेंबागणिक रंग परतताना दिसतो.

क जीवनसत्त्व ऐकायला संरक्षक वाटतं, पण अँथोसायनिनच्या बाबतीत ते घात करतं. ऑक्सिजनच्या सान्निध्यात दोघं एकमेकांना नष्ट करतात. आम्लता हवी तर सायट्रिक आम्लच वापरा.

100 ग्रॅम ताज्या सालीला 300 मिलिलिटर 50 ते 60 टक्के इथेनॉल आणि 2 ते 3 ग्रॅम सायट्रिक आम्ल, 40 ते 50 अंशांवर तासभर, झाकून. 60 च्या वर नेऊ नका. लोखंड किंवा अॅल्युमिनियम लागलं तर धातूशी बांधला जाऊन रंग निळसर होतो आणि तो आम्लाने पूर्ण परततोच असं नाही.

प्रश्न: टोमॅटोच्या सालीतलं लायकोपीन खायच्या तेलात उतरतं असं वाचलं. ओल्या साली तेलात टाकल्या तर तेल पिवळसरच राहिलं.

उतरतं, पण पाणी आड आलं. लायकोपीन, म्हणजे टोमॅटोचं लाल रंगद्रव्य, हा 40 कार्बनांचा, पाण्याशी अजिबात न जमणारा रेणू. सालीत तो स्फटिकासारखा, पेशींच्या भिंतींमागे बंद असतो. साल ओली असेल तर तेल आत शिरतच नाही.

साल 50 अंशांखाली कडक कुरकुरीत वाळवा, बारीक पूड करा, वजनाच्या आठ-दहा पट तेल घ्या, आणि गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात 60 ते 70 अंशांवर दीड-दोन तास ढवळत ठेवा. गाळून गडद बाटलीत काठोकाठ भरा. लायकोपीनचे 11 दुहेरी बंध ओळीने जोडलेले आहेत. लाल रंग त्यांच्यामुळे, आणि उजेड व हवा यांचं पहिलं लक्ष्यही तेच.

ओली साल, लसूण, पालेभाजी असं काहीही तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, ओलीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढू शकतो, आणि त्याच्या विषाला ना वास ना चव.

प्रश्न: जर्दाळू, पीच, सफरचंद यांच्या बियांतूनही गुणकारी अर्क काढता येईल का?

घरी काढू नका. या बियांत अॅमिग्डालिन असतं. बी कुटून पाणी लागलं की तिच्यातलंच विकर त्याचे तीन तुकडे करतं: ग्लुकोज, बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. बेंझाल्डिहाइडचा गोडसर बदामी वास येतो आणि लोकांना वाटतं अर्क छान जमला. हायड्रोजन सायनाइड 26 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे साध्या खोलीत त्याची वाफ होते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये इशारा दिला की एका वेळी तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या जर्दाळूच्या बिया प्रौढालाही सुरक्षित मर्यादेपलीकडे नेऊ शकतात, आणि लहान मुलाला एकही. अर्क म्हणजे तीन नव्हे, तीनशे बियांचा माल एका बाटलीत. 'जीवनसत्त्व बी-17' हे नाव विक्रीसाठी दिलेलं आहे. असं कोणतंही जीवनसत्त्व नाही.

प्रश्न: अननसाची साल आणि मधला दांडा उकळून पाणी प्यायलं तर ब्रोमेलेन मिळतं का?

मिळत नाही. ब्रोमेलेन हे प्रथिनं तोडणारं विकर आहे आणि 70 अंशांच्या वर काही मिनिटांत निकामी होतं. उकळलेल्या पाण्यात वास, साखर, थोडी पॉलिफिनॉलं उरतात, विकर नाही.

दांडा आणि साल थंडगार स्थितीत वाटून, फडक्यातून पिळून रस काढा आणि लहान भागांत लगेच गोठवा. विकर जिवंत आहे का ते जिलेटिनवर कळतं. दोन वाट्यांत जिलेटिन घट्ट बसवा. एकावर चमचाभर कच्चा रस, दुसऱ्यावर तोच रस पाच मिनिटं उकळून गार केलेला. वाट्या फ्रिजबाहेर पण थंड जागी ठेवा, कारण 30 अंशांच्या वर जिलेटिन आपोआप पाघळतं आणि चाचणी फसते. दोनेक तासांत कच्च्या रसाखालचं जिलेटिन खड्डा पडून पातळ होतं, उकळलेल्याखालचं जसंच्या तसं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी हा रस दाट स्वरूपात डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रश्न: अर्क किती 'ताकदवान' आहे हे कसं मोजायचं? आणि रोज किती चमचे घ्यावा?

पहिल्या भागाचं उत्तर: घरी मोजता येतो तो फक्त घन भाग. 10 मिलिलिटर अर्क वजन केलेल्या बशीत आटवा, पुन्हा वजन करा. त्यात साखरही आली, त्यामुळे जास्त वजन म्हणजे जास्त गुण असं नाही. प्रयोगशाळेत पॉलिफिनॉलं मोजायला फोलिन-सिओकाल्टो चाचणी करतात. निळा रंग 765 नॅनोमीटरला मोजून आकडा गॅलिक आम्लाच्या तुलनेत देतात. पण क जीवनसत्त्व आणि काही साखरीही तोच रंग देतात, म्हणून लिंबूवर्गीय अर्काचे आकडे फुगलेले येतात. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद पाहणाऱ्या डीपीपीएच चाचणीत जांभळा द्रव पिवळा पडतो. दोन्ही चाचण्या नळीत काय घडलं ते सांगतात, शरीरात काय घडेल ते नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या ओरॅक आकड्यांची (ऑक्सिडीकरण रोखण्याच्या ताकदीच्या मापांची) यादी 2012 मध्ये याच कारणाने काढून टाकली.

दुसऱ्या भागाचं उत्तर आम्ही देणार नाही, कारण ते देणं चुकीचं ठरेल. फळात जे सुरक्षित ते दाट केल्यावरही सुरक्षित असेलच असं नाही. बीटा-कॅरोटिनचं उदाहरण घ्या. भाज्या-फळांत ते चांगलंच. पण फिनलंडमधल्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते गोळीतून दिलं तेव्हा, 1994 च्या निष्कर्षांनुसार, फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता 18 टक्के जास्त दिसला. हिरव्या चहाच्या अर्काबाबत युरोपीय प्राधिकरणाने 2018 मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य पॉलिफिनॉल) घेतल्यास यकृताची विकरं रक्तात वाढू शकतात. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमरिनं ही द्रव्यं आतड्यातलं औषधं मोडणारं विकर बंद पाडतात आणि नेहमीच्या गोळीचा डोस रक्तात कितीतरी वाढतो. पेक्टिन जॅमला, रंग सरबताला, लायकोपीनचं तेल जेवणात, असा अन्नासारखा वापर करा. आजारावर औषध म्हणून नको.

प्रश्न: एकाच सालीतून तेल, हेस्पेरिडिन आणि पेक्टिन तिन्ही काढता येतात का? आणि इथेनॉल आटवताना काय काळजी घ्यावी?

येतात, क्रम सांभाळला तर. आधी ताज्या सालीचं तेल दाबून काढा. संत्र्याच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं आणि साल वाळवली की ते बरंचसं उडून जातं, म्हणून ते पहिलं. हे तेल लहान, भरलेल्या बाटलीत थंड ठेवा. हवा लागून जुनं झालेलं लिमोनिन त्वचेला ॲलर्जी आणतं.

पुढे दोन वाटा फुटतात. चुन्याने हेस्पेरिडिन काढलं तर अल्कलीने पेक्टिनचे एस्टर तुटतात आणि उरलेलं पेक्टिन साखर-आम्लाच्या जॅमला निरुपयोगी होतं. चांगलं पेक्टिन हवं असेल तर आधी 70 टक्के कोमट इथेनॉलने साल धुवा. हेस्पेरिडिन थोडं कमी निघेल, पण पेक्टिन इथेनॉलमध्ये विरघळत नसल्याने सालीत शाबूत राहील. मग आम्लाने ते काढा. शेवटी उरतं ते मुख्यतः सेल्युलोज. धुऊन वाळवलं की तंतूंची पूड म्हणून पिठात मिसळता येतं.

इथेनॉलबद्दल कडक राहा. 70 टक्के इथेनॉलची वाफ 17 अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरकत दूरच्या शेगडीपर्यंत पोचते. पाणी दुसऱ्या खोलीत तापवा, आच बंद करा, मग त्या गरम पाण्यात अर्काचं भांडं ठेवा, खिडक्या उघड्या ठेवून. इथेनॉलने ओला असलेला चोथा ओव्हनमध्ये किंवा झाकणाच्या कचरापेटीत टाकू नका. ताटात पातळ पसरून उघड्यावर वास जाईपर्यंत ठेवा, त्यानंतरच वाळवणीला किंवा खताला न्या.